ऑस्टिनचं गॅरेज, एच-१बी व्हिसा आणि घरी बनवलेली रायफल: एक प्रकरण अभ्यास

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत एम.एस., आता टेक्सासमधल्या ऑस्टिनला नोकरी. व्हिसा एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता; बायको एच-४वर, म्हणजे अशा नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन बरीच वर्षं झाली, पण भारतीयांच्या रांगेत ग्रीन कार्डाचा नंबर लांबच. गॅरेजमध्ये एक थ्रीडी प्रिंटर आणि टेबलावर मावेल एवढं, संगणकाच्या हुकमाने धातू कोरणारं सीएनसी मिलिंग मशीन. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एका शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेला, नाद लागला आणि डोक्यात आलं, मशीन घरात आहेच, तर एआर, म्हणजे एआर-१५च्या पद्धतीची रायफल आपणच का बनवू नये? इंटरनेटवर पहिलंच उत्तर मिळालं: 'स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला अमेरिकेत परवाना लागत नाही.' आठ महिन्यांनी कंपनी त्याची बदली न्यू जर्सीला करणार आहे, हे तेव्हा त्याला ठाऊक नाही.

हा इंजिनिअर नमुन्यादाखल उभा केला आहे. त्याला लागू होणारे कायदे आणि निकाल मात्र खरे आहेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण व्हिसा, पगार आणि छंदाच्या जवळपास याच टप्प्यावर असतात, म्हणून हीच परिस्थिती निवडली.

इंटरनेटवरचं ते उत्तर खोटं नाही. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार उत्पादनाचा परवाना लागतो तो धंदा म्हणून बंदुका बनवणाऱ्याला. छंदापुरती एखादी बनवणाऱ्याला केंद्रीय कायदा परवाना मागत नाही आणि तिच्यावर सीरियल नंबर टाकायलाही सांगत नाही. पण हे उत्तर फक्त बनवण्याच्या क्रियेबद्दल आहे. बनवणं दोन-चार दिवसांत उरकतं, ताबा मात्र त्यानंतर रोजचा असतो. कायदा रोज नव्याने विचारतो की ही वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, त्याचा व्हिसा कोणता, तो कुठल्या राज्यात आहे आणि आज त्याच्या खिशात कोणता कागद आहे. या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक घोटाळा ताब्यातून निघतो.

रेंजवरचा शनिवार

पहिला गुन्हा रायफल बनवायच्या कितीतरी आधी, त्या पहिल्याच शनिवारी घडला. केंद्रीय कायद्याचं कलम ९२२(जी)(५)(बी) सांगतं की नॉनइमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेल्या, व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवायची नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) हे सगळे यात आले. रेंजवर भाड्याने घेतलेली, तासाभराने परत केलेली बंदूकही ताबाच धरली जाते. तिथल्या तिथे वापरायच्या बंदुकीसाठी रेंजवाल्याला सरकारी अर्ज भरून घ्यावा लागत नाही, त्यामुळे कोणी काही विचारत नाही, आणि विचारलं नाही म्हणजे चालतं असा समज होतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर या कलमाखालची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षांवर गेली आहे.

रेहैफ खटला रेंजवरच्या अशाच ताब्यातून सुरू झाला. विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेल्या एका तरुणाला विद्यापीठाने काढून टाकलं, तरी तो देशात राहिला, आणि एका रेंजवर जाऊन त्याने नेमबाजी केली. १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की आरोपीला स्वतःच्या बंदीच्या दर्जाची जाणीव होती हे सरकारला सिद्ध करावं लागेल. एच-१बीवाल्यांनी या निकालाचा आधार घेऊ नये. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आहे, दर तीन वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज जातो. आपण नॉनइमिग्रंट आहोत हे ठाऊक नव्हतं, असं कोण मानणार?

बंदीला अपवाद आहेत. छंदिष्टाच्या कामाचा अपवाद पोटकलम (वाय)(२) मध्ये सापडतो: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असेल, तर बंदी लागू होत नाही. प्रत्यक्ष शिकारीला जायची अट नाही. फक्त मासेमारीचा परवाना मात्र चालत नाही.

टेक्सासमध्ये हा परवाना स्वस्त आहे. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ राज्यात राहिलेल्याला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण पुरं करावं लागतं, आणि प्रौढांना ते ऑनलाइन करता येतं. अडचण तारखेची आहे. परवाना खरेदीपासून वर्षभराचा नसतो. तो हंगामाचा असतो आणि ३१ ऑगस्टला संपतो. आपल्या इंजिनिअरने जुलैत घेतला तर दीड महिन्यात बाद. १ सप्टेंबरला तिजोरीत रायफल असेल आणि नवा परवाना घेतलेला नसेल, तर त्या दिवसापासूनचा ताबा बेकायदा. नव्या हंगामाचे परवाने ऑगस्टच्या मध्याला विक्रीला येतात. फोनमध्ये १५ ऑगस्टची दरवर्षीची आठवण लावावी. ही तारीख आपल्या लोकांना वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

काय विकत घ्यायचं

केंद्रीय कायद्याच्या नजरेत अख्खी रायफल जेवढी बंदूक, तेवढाच तिचा रिसीव्हर, म्हणजे मुख्य सांगाडाही बंदूक. म्हणजे एआर प्रकारात ज्याला सगळे 'लोअर' म्हणतात तो भाग. बॅरल, दस्ता, स्प्रिंगा हे नुसते सुटे भाग. म्हणून वर्षानुवर्षं अर्धवट घडवलेले लोअर '८० टक्के' या नावाने नंबराशिवाय, पार्श्वभूमी तपासणीशिवाय घरपोच विकले गेले. या '८० टक्के'ला कायद्यात कधीच अर्थ नव्हता. तो विक्रेत्यांचा शब्द.

२०२२ मध्ये एटीएफ या बंदुकांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय खात्याने नियम बदलला, आणि २४ ऑगस्ट २०२२पासून तो लागू झाला. सहज पुरा करून वापरात आणता येईल असा अर्धवट रिसीव्हर किंवा किट हीच बंदूक मानायची. त्यामुळे विक्रेत्याला परवाना, मालावर नंबर, गिऱ्हाइकाची तपासणी, सगळं आलं. 'सहज' ठरवताना वेळ, कौशल्य, हत्यारं, खर्च, आणखी काय लागेल असे निकष आहेत, आणि विक्रेत्याने सोबत साचा, हत्यारं, सूचना दिल्या का हेही पाहिलं जातं. टेक्सासच्याच एका केंद्रीय न्यायालयाने २०२३ मध्ये हा नियम रद्द केला, पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बराचसा तो निकाल उचलून धरला, पण २६ मार्च २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने 'बाँडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक' खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी नियमाच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्या. गॉर्सच यांचं, असहमती न्या. थॉमस आणि न्या. अलिटो यांची.

या निकालाचा आवाका मर्यादित आहे, तो नीट वाचावा. प्रत्येक अर्धवट तुकडा बंदूक ठरला असं न्यायालय म्हणालेलं नाही. नियम सरसकट बेकायदा नाही, निदान काही किट आणि काही अर्धवट फ्रेम (पिस्तुलातला रिसीव्हरसारखा भाग) कायद्याच्या व्याख्येत बसतात, एवढंच ठरलं. कुठला तुकडा रेषेच्या अलीकडे आणि कुठला पलीकडे, हे दर वस्तूगणिक ठरणार. ही रेषा आपल्या अंगावर तपासून पाहायची हौस एच-१बीवाल्याला परवडत नाही. कारण पुढे येईलच.

आमच्या मते त्याच्यासाठी एकच स्वच्छ वाट आहे. परवानाधारक दुकानातून सीरियल नंबर असलेला तयार रिसीव्हर तपासणीनिशी घ्यायचा आणि बाकीची जुळणी घरी करायची. छंदातली मजा बरीचशी जुळणीतच असते. मशीनवर लोअर कोरण्याची हौस राहून जाते, हे खरं.

दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज, भरावा लागतो. तिथे दोन प्रश्न लागोपाठ येतात: तुम्ही नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेले परदेशी आहात का, आणि असाल तर अपवादात बसता का. एच-१बीवाल्याची उत्तरं 'हो' आणि 'हो', सोबत शिकारीच्या चालू परवान्याची प्रत आणि आय-९४चा (देशात प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक. चुकतं ते पहिल्या प्रश्नात. 'दहा वर्षं इथे आहे, आय-१४० मंजूर आहे, घर घेतलंय, मी कसला नॉनइमिग्रंट' म्हणून लोक 'नाही'वर खूण करतात. आय-१४० मंजूर झाल्याने दर्जा बदलत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की बदलतो. चुकीची खूण हा कलम ९२२(ए)(६)खाली स्वतंत्र गुन्हा आहे. परदेशी गिऱ्हाइकाची व्हिसाची नोंदही तपासली जाते, त्यामुळे निकाल लगेच न येता 'प्रलंबित' येणं नेहमीचं. घाबरायचं कारण नाही.

जुळणी करताना एक मोजमाप पक्कं लक्षात ठेवायचं: रायफलच्या बॅरलची लांबी १६ इंचांहून कमी नको आणि एकूण लांबी २६ इंचांहून कमी नको. बॅरल मोजतात ते बंद बोल्टच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत, आणि टोकाला फिरवून काढता येणारा भाग त्यात धरत नाहीत. १४.५ इंची नळीवर दोन इंचांचा काढता येणारा तुकडा लावून १६.५ झाले असं समजणारा १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टच्या तावडीत जातो; शिक्षा १० वर्षांपर्यंत. १ जानेवारी २०२६पासून आखूड रायफल आणि सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. कर गेला, पण आधी अर्ज, बोटांचे ठसे, मंजुरी आणि नोंदणी हे सगळं तसंच आहे. 'आता फुकट झालं' एवढंच ऐकून कामाला लागणारे पुष्कळ भेटतात.

गॅरेजमधली दोन मशीनं

समजा, त्याच्या सीएनसीची बातमी मित्रमंडळात पसरली. चौघे आपापले तुकडे घेऊन आले, 'तू फक्त मशीन दे, बटण आम्हीच दाबतो' म्हणाले. एटीएफने जानेवारी २०१५ मध्ये काढलेला २०१५-१ क्रमांकाचा निर्णय नेमका यावर आहे. दुसऱ्याला मशीन वापरू देऊन उत्पादनाचा परवाना टाळता येत नाही, मग बटण कोणीही दाबो. हा निर्णय धंदा करणाऱ्या वर्कशॉपना डोळ्यांसमोर ठेवून आहे. पण मित्रांकडून मशीनच्या खर्चाचे म्हणून पैसे घेतले, की घरगुती गॅरेज आणि वर्कशॉप यांतलं अंतर फार उरत नाही. शिवाय त्या चौघांपैकी एकजण शिकारीचा परवाना नसलेला एच-१बी असेल, तर त्याच्या हाती बंदूक देणाऱ्यावर कलम ९२२(डी) येतं.

थ्रीडी प्रिंटरचं दुखणं वेगळं. धातुशोधकाला न सापडणारी बंदूक १९८८च्या कायद्याने बंद आहे, तिच्यात किमान ३.७ औंस, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम स्टील सापडायला हवं. पण आमच्या मते या घरात प्रिंटरचा मोठा धोका फाइलींमध्ये आहे. रिसीव्हरची छपाईला तयार फाइल पुण्यातल्या चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवणं ही अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या नियमांत निर्यात ठरू शकते, आणि तिला परवाना लागतो. ती फाइल पुण्यात छापली गेली तर चुलतभावाचं काय होईल, ते शेवटी.

ताबा तुटतो कुठे

रायफल तयार झाली, कागद पक्के आहेत. पुढच्या महिन्यांत काय काय बिघडू शकतं?

नोकरी गेली तर. एच-१बीवाल्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, तीही आय-९४ आधी संपत नसेल तर. त्यात नवा अर्ज गेला नाही आणि माणूस देशात राहिला, तर तो बेकायदा राहणारा ठरतो, आणि त्याला आता (जी)(५)(ए) हे पोटकलम लागतं. शिकारीच्या परवान्याचा अपवाद फक्त (बी)पुरता आहे. बेकायदा राहणाऱ्याला तो वाचवत नाही. कपातीचा ईमेल आला की लोक पहिला फोन इमिग्रेशन वकिलाला करतात आणि तिजोरीत रायफल आहे हे सांगायचं विसरतात. बंदुकीच्या कायद्याचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील ही सहसा दोन वेगळी माणसं असतात. दोघांना एका कॉलवर आणायचं काम अशिलालाच करावं लागतं.

बायको. एच-४ हाही नॉनइमिग्रंट व्हिसा. तिच्याकडे तिजोरीचा आकडा असेल तर तिचाही ताबा मानला जाऊ शकतो. एक तर तिचाही शिकारीचा परवाना काढा, नाही तर आकडा एकट्याकडेच ठेवा.

गांजा. अनेक राज्यांत तो दुकानात मिळतो, न्यू जर्सीतही. केंद्रीय कायद्यात मात्र (जी)(३) हे पोटकलम बेकायदा अमली पदार्थ वापरणाऱ्याला बंदूक ठेवू देत नाही, आणि फॉर्म ४४७३वर हा प्रश्न ठळक इशाऱ्यासह विचारलेला असतो. या पोटकलमाच्या घटनात्मकतेवर न्यायालयात वाद चालू आहे. व्हिसावरच्या माणसाने त्या वादाच्या निकालावर पैज लावू नये.

हे सगळं एवढं बारकाईने लिहायचं कारण शिक्षेपलीकडचं आहे. इमिग्रेशन कायद्यात (जी)(५)खालची शिक्षा 'गंभीर गुन्ह्या'च्या व्याख्येत येते, आणि त्याशिवाय बंदुकीच्या कायद्याखालची जवळपास कुठलीही शिक्षा हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. सरकारी वकिलाशी केलेला, नागरिकाला दंडावर सोडवणारा सौदा एच-१बीवाल्याला मुंबईच्या विमानात बसवू शकतो. रांगेतली वर्षं गेली, घर गेलं, मुलं तिथे जन्मली असतील तर त्यांचं काय, हे आणखी वेगळं.

एडिसनची बदली

एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला बदलीचं पत्र येतं. आता दोन शक्यता धरून चालू: एकीत रायफल नंबर असलेल्या रिसीव्हरवर जुळवलेली, दुसरीत गॅरेजमध्ये कोरलेल्या, नंबर नसलेल्या लोअरवर.

दुसरी शक्यता असेल तर न्यू जर्सीची हद्द ओलांडायचीच नाही. नंबर नसलेली बंदूक बनवण्यासाठी भाग मिळवणं त्या राज्याने नोव्हेंबर २०१८च्या कायद्याने गुन्हा ठरवलं, आणि पुढच्या वर्षी तिचा नुसता ताबाही. प्रवासात बंदूक नेण्याचं केंद्रीय संरक्षण, कलम ९२६ए, कामी येत नाही. ते मिळायला निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ताबा कायदेशीर लागतो. ते वाटेतल्या राज्यांपासून वाचवतं, मुक्कामाच्या राज्यापासून नाही.

पहिली शक्यताही वाटते तेवढी सोपी नाही. १९९०पासून न्यू जर्सीत एआर पद्धतीच्या बऱ्याच रायफलींवर बंदी आहे. नंबर असो वा नसो, दस्त्याची आणि नळीच्या टोकाची रचना बघून ती ठरते. या बंदीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आव्हान म्हणजे मुभा नव्हे. मॅगझिनची मर्यादा १० काडतुसांची. पुढची कुठलीही रायफल घ्यायची तर आधी राज्याचं खरेदीदार ओळखपत्र. आणि टेक्सासचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपल्यावर नवा कुठल्या तरी राज्याचा हवाच, हे घर बदलायच्या गडबडीत राहून जातं.

मग टेक्सास सोडण्यापूर्वी काय करता येतं? परवानाधारक दुकानाला विकता येते. दुकानात जमा झालेल्या बिननंबरी बंदुकीवर सात दिवसांत, किंवा त्याआधी विकायची असेल तर विकण्यापूर्वी, नंबर कोरणं दुकानदारावर बंधनकारक आहे: खोली किमान ०.००३ इंच, अक्षरं किमान एक-सोळांश इंच उंच. त्याचा खर्च तो किमतीतून वळता करतो, काही दुकानं अशी बंदूक घेतच नाहीत. टेक्सासमध्येच राहणाऱ्या, बंदी नसलेल्या व्यक्तीला विकता येते, पण घेणाऱ्याचा दर्जा तपासायचा कसा हा प्रश्न उरतो, म्हणून हाही व्यवहार दुकानामार्फतच करावा. 'ऑस्टिनच्या मित्राकडे ठेवून जातो' हा सगळ्यांना सुचणारा उपाय सर्वांत घातक, कारण तो मित्रही बहुधा एच-१बीवरच असतो आणि त्याच्याकडे शिकारीचा परवाना नसतो. नष्ट करायची तर एटीएफने सांगितल्याप्रमाणे गॅस कटरने ठरावीक जागी, प्रत्येक छेदात किमान पाव इंच धातू नाहीसा होईल अशी कापावी लागते. करवतीने दोन तुकडे केले की झालं, असं नाही.

ट्रक एडिसनला पोचल्यावर लक्षात आलं तर? न्यू जर्सीच्या कायद्यात स्वेच्छेने जमा करण्याची तरतूद आहे, पण आरोप दाखल होण्यापूर्वी, आधी लेखी सूचना देऊन, दिवस आणि वेळ कळवून. बंदूक हातात घेऊन पोलीस ठाण्यात जाणं म्हणजे तरतूद पाळणं नव्हे. आणि ही माफी राज्याच्या गुन्ह्यापुरती. केंद्रीय बाजू तशीच राहते, म्हणून पत्र वकिलानेच लिहावं.

पुण्याचं टोक

महाराष्ट्रात हा छंदच नाही. 'गावठी कट्टा' या शब्दात जे सगळं येतं त्यात घरगुती सीएनसीवरची देखणी रायफलही येते, कायदा फरक करत नाही. आर्म्स ॲक्ट, १९५९च्या कलम ५नुसार परवान्याशिवाय उत्पादन बंद, आणि 'बंदुकी'च्या व्याख्येत भागही येतात. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१)(अ)खाली विनापरवाना उत्पादनाला किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. पूर्वी हा पल्ला ३ ते ७ वर्षांचा होता. 'विकायची नव्हती, फक्त छापून बघितली' याला इथे जागा नाही. व्हॉट्सॲपवर फाइल मिळालेल्या चुलतभावाचा प्रश्न हा आहे. ओळखचिन्ह नसलेली बंदूक सापडली तर ते तुम्हीच खोडलंत असं गृहीत धरणारं कलम ८ही आहे. त्यामुळे ग्रीन कार्डाचा नाद सोडून कायमचं परतायचं ठरलं तरी घरी बनवलेली रायफल सामानात येऊ शकत नाही.

येतं ते काडतूस. रेंजवर नेलेली पाठीवरची बॅग दिवाळीत मुंबईला येते, तळाच्या शिवणीत एखादं जिवंत काडतूस अडकलेलं असतं, आणि विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसतं. परवाना नसताना एक काडतूसही आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवायला पुरतं. बचाव आहे. 'गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या १९७२च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आलं आहे की ताबा जाणीवपूर्वक हवा. अमेरिकेच्या न्यायालयाने रेहैफ खटल्यात जाणीव मागितली ती दर्जाची, इथे मागितली जाते ती वस्तूची. अशी काही प्रकरणं उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्दही केली आहेत. पण तोवर पासपोर्ट अडकतो, परतीचं तिकीट जातं, आणि व्हिसाच्या पुढच्या अर्जात 'अटक झाली होती का' या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं. रेंजची बॅग वेगळी ठेवावी, तिच्यावर ठळक अक्षरांत तसं लिहावं, आणि जॅकेटचे खिसे भारतात निघण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, रिकाम्या पुंगळ्यांसाठीसुद्धा.